चौकावरचं छत, साचलेला उकाडा आणि साठ आउटडोअर युनिटं

गाळा_४१२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, निवांत असाल तेव्हाच वाचा.

वाशीत आमचं दुकानं आणि कार्यालयांचं संकुल आहे, तळमजला अधिक सात. मधोमध वीस मीटर बाय बारा मीटरचा चौक, त्याभोवती प्रत्येक मजल्यावर पॅसेज, आणि पॅसेजवर उघडणारी गाळ्यांची दारं. पूर्वी चौक वरून उघडा होता. पावसाळ्यात पॅसेज भिजायचे, लाद्यांवरून माणसं घसरायची, म्हणून वर लोखंडी ट्रस टाकून पॉलीकार्बोनेटची शीट घातली आणि कडेने सिलिकॉन मारून सगळं बंद केलं. पाणी थांबलं हे खरं. पण आता मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात सहाव्या-सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उभं राहवत नाही. तळमजल्यावर मात्र बऱ्यापैकी गार असतं, त्यामुळे खालचे गाळेधारक म्हणतात, 'कसला उकाडा?'

सभेपुढे तीन प्रस्ताव आहेत. चौकात ते अवाढव्य संथ पंखे लावायचे, पाण्याच्या फवाऱ्याचे पंखे लावायचे, किंवा छताला गिरगिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवायचे. एका कन्सल्टंटने तर अख्ख्या चौकाला एसी सुचवलाय, त्याचा आकडा वाचून खजिनदार दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जाणकारांनी सांगावं.

रबाळे_शेड

टर्बोबद्दल मी सांगतो. आमच्या शेडवर आहेत. चोवीस इंची गळ्याच्या एका नगाचं तोंड साधारण ०.२९ चौरस मीटर. गिरगिरताना भारी दिसतो, पण वारं पडलं की तो म्हणजे नुसतं छोटंसं भोक. दहा नग लावलेत तरी तीन चौरस मीटरसुद्धा होत नाहीत. तुमच्या छताच्या मानाने काहीच नाही. आम्हाला खरा फरक पडला तो रिज उघडल्यावर, म्हणजे शेडच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग फट आणि तिच्यावर टोपी.

तिरकी_फूटपट्टी

ठाण्यात वास्तुरचनेची प्रॅक्टिस करते. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारते. तळमजल्यावर चौकात हवा यायला किती मोकळी जागा आहे? शीट सातव्या मजल्याच्या छतापेक्षा किती वर आहे? आणि गाळ्यांच्या एसीची आउटडोअर युनिटं कुठे लावली आहेत?

गाळा_४१२

तळाला दोन प्रवेशद्वारं, दिवसभर उघडी, शिवाय पार्किंगकडून एक शटर. शीट सातव्याच्या स्लॅबच्या जेमतेम वर, ट्रसच्या उंचीइतकीच. आणि युनिटं चौकातच, कठड्याच्या बाहेरच्या अंगाला ब्रॅकेटवर. साठेक असतील. बाहेरच्या भिंतीवर लावली तर इमारतीचं एलिव्हेशन खराब होतं असा ठराव आहे.

तिरकी_फूटपट्टी

वाटलंच होतं. आता सविस्तर लिहिते, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या निम्म्या संकुलांची हीच कथा आहे.

चौकातली हवा तापते, हलकी होते, वर चढते. वर वाट मिळाली तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालून बाहेरची हवा आत येते. या ओढीला बळ दोनच गोष्टींनी येतं: खालच्या आणि वरच्या तोंडांमधली उंची, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. तुमची उंची साधारण अठ्ठावीस मीटर धरली आणि आतली हवा सरासरी पाच अंशांनी जास्त गरम धरली, तर दाबाचा फरक येतो पाच-साडेपाच पास्कल. तळहाताला जाणवणारही नाही इतका. तेवढाच दाब सेकंदाला तीन मीटरचं वारं, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरची साधी झुळूक, भिंतीवर टाकते. म्हणजे ही यंत्रणा चालते, पण नाजूक आहे. तिच्यापुढे अडथळे ठेवले, किंवा तिच्यावर झेपणार नाही इतकी उष्णता लादली, की ती हात टेकते.

आता उष्णता मोजू. आपण १९ अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. जुलैत ढग असतात, मेमध्ये नसतात. तुमचं छत २४० चौरस मीटर. मेच्या भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला नऊशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. शीटने निम्मं अडवलं असं मानलं तरी शंभराच्या वर किलोवॅट आत येतात.

हे ऐकून सगळे शीट बदलायला धावतात. थांबा. दीड टनी एसी खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो आणि त्यासाठी घेतलेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एका युनिटमागे साडेसहा किलोवॅट धरा. साठातली चाळीस चालू असली तर २६० किलोवॅट. तुमच्या चौकात सूर्य दुय्यम आहे हो, मुख्य हीटर तुम्हीच कठड्याला टांगलेत.

हवेला पाच अंशांनी तापवून बाहेर काढायचं ठरवलं, तर एकूण ३६० किलोवॅटसाठी सेकंदाला साठ घनमीटर हवा हवी. वारं नाही असं धरून ती नुसत्या उष्णतेच्या ओढीवर जायची तर खाली पन्नास चौरस मीटर आणि वर पन्नास चौरस मीटर मोकळं तोंड लागेल. ते होणे नाही. युनिटं चौकातून काढली की तोच आकडा चौदावर येतो. शीटच्या बाहेरून, बाहेरूनच, ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणली की चारवर. पन्नास, चौदा, चार. हा क्रम सभेत फळ्यावर लिहा.

खाडीकाठ

एवढं गणित कशाला? एसी लावा, दरवाजे बंद करा, विषय संपला. लोक आजकाल घाम गाळायला येत नाहीत.

तिरकी_फूटपट्टी

खाडीकाठ, लावा की. वर वितळणारं छत आणि आत साठ आउटडोअर युनिटं ठेवून चौक एसी करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आधी नळ बंद करा, मग बघू किती पुसायचं उरतं.

माणूसघाणा

झिंबाब्वेत हरारेतल्या त्या ईस्टगेट सेंटरचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. मिक पिअर्स यांची रचना, १९९६, वारुळावरून प्रेरणा, एसीशिवाय अख्खी इमारत. आपल्याकडे का नाही करत असं?

तिरकी_फूटपट्टी

इमारत उत्तमच आहे. पण दोन गोष्टी नेहमी गाळल्या जातात. एक, तिथे हवा पंखे ढकलतात, नुसती आपोआप वाहत नाही. दोन, हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर आहे. रात्री हवा चांगली गार होते, ती काँक्रीटमध्ये साठवून दुसऱ्या दिवशी वापरता येते. वाशीत मेच्या रात्री पारा सव्वीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाही, मग साठवायचं काय? डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा मिळतो, पण तेव्हा कोणाला हवाय? कोकणपट्टीतली इमारत रात्रीच्या भरवशावर ठेवू नये.

फवाऱ्याच्या पंख्यांचंही तसंच. अहमदाबादच्या टोरंट रिसर्च सेंटरमध्ये मनोऱ्यांतून पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून हवा गार करून खाली उतरवतात, नव्वदच्या दशकातलं काम आणि अजून अभ्यासलं जातं. पण तिथे बेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः चोवीसच्या आसपास उतरू शकते. आपल्याकडे चौतीस अंश आणि साठ टक्के असताना साडेसत्तावीसच्या खाली जाताच येत नाही, आणि तिथवर पोचलात तर हवा पाण्याने गच्च भरलेली. घाम वाळणारच नाही. वर लाकडी शटरांना आणि कागदाच्या गठ्ठ्यांना बुरशी. फवारे रद्द करा.

गाळा_४१२

मग आमच्याकडे चौकाचा उपयोग तरी काय? इथे बाहेरचीच हवा चौतीसची.

तिरकी_फूटपट्टी

चांगला प्रश्न. चौक तुम्हाला बाहेरच्यापेक्षा गार हवा देणार नाही. तो आतली जादा उष्णता बाहेर टाकेल आणि हवा हलती ठेवेल, बस. पण हे बस पुष्कळ आहे. भारतीय कार्यालयांतल्या माणसांना विचारून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने एक सूत्र काढलंय, आयमॅक म्हणतात, ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी: बाहेरचं अलीकडच्या दिवसांचं सरासरी तापमान गुणिले ०.५४ अधिक १२.८३. मेमध्ये सरासरी तीस धरा, उत्तर येतं एकोणतीस, आणि त्याच्या वर-खाली सुमारे २.४ अंश बहुतेकांना चालतात. म्हणजे साडेएकतीसपर्यंत. शिवाय अंगावर सेकंदाला एक मीटर वेगाने हवा खेळली तर सुमारे तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. पॅसेज ही काही बसायची जागा नाही, ये-जा करायची आहे. तिथे चौतीस अंशांची हलती हवा चालून जाते, चाळिसाची साचलेली नाही.

ऐरोलीकर_आजोबा

बाई, तुमचं म्हणणं पटतं. आमच्या गावच्या वाड्यातला चौक वर उघडाच असायचा आणि भोवती पडवी. कोणी त्यावर प्लास्टिक घातलं नाही.

खाडीकाठ

आजोबा, वाडा दोन मजली होता आणि त्यात कोणी टॅक्स कन्सल्टंट बसत नव्हता.

गाळा_४१२

भांडू नका हो. मी काल एक प्रयोग केला. दुपारी अडीचच्या सुमारास प्रत्येक मजल्यावर पॅसेज आणि चौक यांच्या सीमेवर उदबत्ती धरून उभा राहिलो (वॉचमनला वाटलं अमावस्येचं काही आहे). तळापासून तिसऱ्यापर्यंत धूर चौकात ओढला जातो. चौथ्याला जागच्या जागी घुटमळतो. पाचव्यापासून वर धूर चौकातून पॅसेजमध्ये, थेट गाळ्यांच्या दारांकडे येतो. सातव्याला जोरात.

तिरकी_फूटपट्टी

शाबास! हजारो रुपयांचं सिम्युलेशन तुम्ही उदबत्तीच्या पुड्यात केलंत. चौथ्या मजल्यावर तुमची दाबाची समरेषा आहे. तिच्या खाली चौक हवा आत ओढतो, तिच्या वर बाहेर ढकलतो. छत सीलबंद, त्यामुळे तापलेली हवा वरच्या गाळ्यांच्या दारांतून आणि त्यांच्या बाहेरच्या खिडक्यांतून वाट काढते. म्हणजे खालच्या चार मजल्यांची उष्णता वरचे तीन मजले रोज गिळतात. तळमजल्यावाले 'कसला उकाडा' म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरंच आहे. त्यांना सांगा, तुमचा उकाडा सातव्यावर पोस्ट होतो.

आता उपाय. ही रेषा वर सरकवता येते. खाली आणि वर सारखीच तोंडं असतील तर ती मध्यावर राहते. वरचं तोंड खालच्याच्या दुप्पट केलं तर ती ऐंशी टक्के उंचीवर जाते. कारण अडथळ्याचा हिशेब क्षेत्रफळाच्या वर्गाने चालतो. म्हणून वर सढळ हाताने उघडा आणि खाली बेताने. पार्किंगचं शटर दिवसा बंदच ठेवा, तिथून गाड्यांचा धूर ओढला जातो. तरीही सातवा मजला रेषेच्या वरच राहील. त्याच्या पॅसेजला चौकाकडून काच लावा आणि त्याची हवा बाहेरच्या खिडक्यांमधून आरपार घ्या. छत सातव्याच्या वर आणखी एक मजला उंच असतं तर हे करावं लागलं नसतं. नवी इमारत आखताना ते जरूर करावं.

फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक टॉवरमध्ये (नॉर्मन फॉस्टर, १९९७) मधला पोकळ भाग सलग न ठेवता बारा-बारा मजल्यांनी काचेने तोडलाय, तो याच त्रासासाठी. सलग ठेवला असता तर वरच्यांचं आणि खालच्यांचं कधीच जमलं नसतं.

रबाळे_शेड

मग शीट उचला ना सरळ. परीघ ६४ मीटर. एक फूट वर उचललीत तर एकोणीस चौरस मीटर फट मिळते. पावसाची लूव्हर, म्हणजे तिरक्या पात्यांची झडप, बसवलीत तर पाती निम्मी जागा खातात, तरी नऊ-दहा उरतात. बाईंच्या चारच्या हिशेबाला दुपटीहून जास्त. माझ्या फॅब्रिकेटरने असंच काम केलंय, जुनी शीट आणि ट्रस तशीच, मध्ये खुंट वेल्ड केले.

तिरकी_फूटपट्टी

अगदी हेच सुचवणार होते. चारी बाजू उघडा, एकच नको. दुपारी वारं पश्चिमेकडून खाडीवरून येतं. फक्त पश्चिमेकडची फट ठेवलीत तर तेच वारं गरम हवा परत आत कोंबेल. चारी बाजू उघड्या असल्या की एकीकडून शिरून दुसरीकडून निघताना ते चौकातली हवा उलट ओढून नेतं. शीट कडेपासून दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि आतल्या बाजूला फूटभर पडदी ठेवा, नाहीतर जुलैच्या तिरप्या सरींनंतर सातव्यावाले तुम्हाला शोधत येतील.

पण स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय एक खुंटही वेल्ड करू नका. मुंबई पट्ट्यात वाऱ्याचा मूळ वेग आय.एस. ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे सेकंदाला ४४ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. आज शीट सीलबंद आहे, उद्या तिच्या खालून वारं शिरेल आणि तिला उचलू पाहील. निसर्ग आणि तौक्ते वादळात किती पत्रे उडाले ते आठवा.

लाल_हेल्मेट

अग्निशमनात नोकरी झाली आहे, म्हणून मध्ये पडतो. उकाडा हा तुमचा लहान प्रश्न आहे. बंद छताच्या चौकात तिसऱ्या मजल्यावर गाळा पेटला तर धूर वर जाऊन छताला अडतो आणि वरून खाली भरत येतो. सातवा मजला काही मिनिटांत आंधळा होतो, आणि तुमचे पॅसेज चौकाला उघडे आहेत, म्हणजे जिन्याकडे जायची वाटच धुरात. उदबत्तीने जे दाखवलं ना, तेच धूर करणार, फक्त शंभरपट वेगाने.

तेव्हा वरची फट कायम उघडी राहणारी असू द्या. मोटारीवर उघडझाप करणारी लूव्हर महाग असतात, आणि नेमक्या वेळी जाम निघतात हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. मोटार लावायचीच तर वीज गेली की स्प्रिंगने आपोआप उघडणारी घ्या आणि फायर अलार्मला जोडा. दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, देणाऱ्या एजन्सीला ती प्रत्यक्ष चालवून दाखवायला सांगा, कागदावर टिक नको. आणि उघडा चौक झाकायची परवानगी पालिकेकडून आणि आमच्या खात्याकडून घेतली होती का, ते फाइल काढून बघा. नसेल तर आता दुरुस्तीच्या निमित्ताने रीतसर करून टाका.

गाळा_४१२

फाइल शोधतोय. आता कळीचा मुद्दा: युनिटं हलवायची कुठे? सगळी गच्चीवर न्या असं सचिव म्हणतात.

रेफ्रिजरंट_रव्या

एसीचंच काम करतो. पहिल्या मजल्याचं युनिट गच्चीवर नेलंत तर तांब्याचा पाइप पंचवीस मीटर. छोट्या स्प्लिटला कंपनी इतकी लांबी देतच नाही, दिलीत तरी गारवा कमी आणि कॉम्प्रेसरवर ताण. पाच-सहा-सात गच्चीवर न्या, ते जमतं. खालच्यांची बाहेरच्या भिंतीवर, एका रेषेत, सारख्या ब्रॅकेटवर, समोर उभ्या पट्ट्यांची जाळी. पट्ट्या दाट नकोत, युनिटने फेकलेली हवा तिथेच फिरली तर पुन्हा तेच. एलिव्हेशनचा ठराव बदला. आणि गाळेधारकांना हे सांगा की चौकातल्या तापलेल्या हवेत उभं असलेलं युनिट जास्त वीज खातं, बिल त्यांचंच वाढतंय. सौंदर्यापेक्षा बिलाची भाषा लवकर कळते.

बेलापूरची_सायली

अवांतर: आमच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज एकदा चालून बघा. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेलं. घरांच्या छोट्या गटाला एक अंगण, अशा गटांना मिळून मोठं अंगण. मूळची घरं आता बरीचशी पाडून वाढवलीत, पण जिथे अंगण शाबूत आहे तिथे मेच्या दुपारीही वारं खेळतं. बुटकी वस्ती आहे, सात मजल्यांशी तुलना नाही, तरी बघावं.

माणूसघाणा

मोठ्या संथ पंख्यांचं काय झालं? ते राहूनच गेलं.

तिरकी_फूटपट्टी

वर फट पाडल्यावर तळमजल्याला एखादा लावा, अंगावर हवा येईल आणि वीजही फार जात नाही. पण छत बंद असताना लावलात तर तो वर साचलेला उकाडा घुसळून तिसऱ्या-चौथ्यापर्यंत खाली आणेल. मग निदान सगळे मजले एकाच मताचे होतील.

घोडबंदरची_मीनल

आमच्या सोसायटीतही असा चौक आहे, वर शीट नाही पण कबुतरांमुळे सगळीकडून बारीक जाळी मारलीय, शिवाय खाली डासांची. घरात आता वारंच येत नाही असं सगळे म्हणतात. जाळीने इतका फरक पडतो का?

तिरकी_फूटपट्टी

पडतो. डासांची बारीक जाळी मोकळं क्षेत्र बरंच खाते, आणि धूळ बसली की आणखी. चौकाच्या माथ्यावर दोन इंची भोकांची नायलॉनची जाळी कबुतरांना पुरते, तिथे डासांची लावू नका. डासांची फक्त खिडक्यांना ठेवा, आणि खिडकी सरकती असेल तर आधीच निम्मीच उघडते हे धरून चाला. येऊरकडून संध्याकाळी वारं उतरतं तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या पूर्ण उघडून बघा. जाळी उतरवून धुता येईल अशी हुकवर बसवा. घोडबंदरला बांधकामांची धूळ इतकी आहे की ती महिनाभरात भरते.